खाडीकाठच्या बंद खोलीत लेट्यूस : पाण्याच्या नोंदी, फेब्रुवारी ते जुलै २०२५

९ फेब्रुवारी

जागा रत्नागिरी तालुक्यात, खाडीपासून सरळ रेषेत साधारण ४०० मीटर. खोली १२ बाय १६ फूट, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, खाली फॉल्स सीलिंग, दीड टनाचा एसी. एनएफटीचे (मातीविना, नळ्यांतून मुळांखालून द्रावणाचा पातळ थर फिरत राहतो ती हायड्रोपोनिक्सची पद्धत) तीन मजली रॅक, ३०० रोपं. लेट्यूस जास्त, बेसिल थोडं. पोषणद्रावणाची टाकी २०० लिटरची.

रॅक जोडण्याआधी पाण्याचा हिशेब. दिव्याखाली वाढणारं लेट्यूसचं एक रोप दिवसाला सरासरी ९० ते १०० मिली पाणी ओढतं. लावल्यावर पहिला आठवडा फार कमी, काढणीच्या तोंडावर दीडपट. ३०० रोपांना २७ ते ३० लिटर झाले. टाकी बदलणं, पाइप धुणं धरून ४० लिटर रोज. एवढं पाणी इथे कुठूनही मिळतं. कसलं मिळतं, ते आता तपासायचं.

हाताशी पाच जागा: आगरातली (माड-पोफळीच्या बागेतली) घरची विहीर, सड्याखालची विहीर (सडा म्हणजे जांभ्याचं पठार; पाऊण किलोमीटरवर, तिथून अर्ध्या इंची पाइप आणता येतो), नळपाणी योजना, शेजारची बोअर, आणि जूनपासून पाऊस. टँकर यादीत धरला नाही. तो आज कुठे भरला आणि उद्या कुठे भरणार, याचा भरवसा नसतो आणि प्रत्येक फेरीला चाचणी करणं परवडत नाही.

१६ फेब्रुवारी

नमुने घेतले. पंप १० मिनिटं सोडून मग बाटली भरायची. त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, बुचाखाली हवा ठेवायची नाही. हवा राहिली तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच खराहून जास्त दिसतो. लोहासाठी बाटली वेगळी, तिच्यात लिटरला २ मिली तीव्र नायट्रिक आम्ल आधीच घालून; नाहीतर लोह तळाला बसतं आणि अहवालात कमी येतं.

क्लोराइड (मिठाचा अंश) आणि आल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची ताकद) घरीच काढतो, कारण या दोन गोष्टी दर पंधरवड्याला लागणार आहेत.

क्लोराइड: ५० मिली पाणी, १ मिली पोटॅशियम क्रोमेट, वरून ब्युरेटने ०.०१४१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट. लिंबासारखा पिवळा रंग विटकरीकडे झुकला आणि हलवूनही तसाच राहिला की थांबायचं. डिस्टिल्ड पाण्याला जेवढं लागलं तेवढं वजा करून उरलेले मिली गुणिले १०, म्हणजे मिग्रॅ प्रति लिटर. ही चाचणी पीएच ७ ते १० मध्येच खरी. सड्याचं पाणी ६ च्या खाली असतं, त्यात आधी चिमूटभर खायचा सोडा. सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं तर काळे डाग आठवडाभर जात नाहीत आणि क्रोमेट विषारी आहे, हातमोजे घालायचेच.

आल्कलिनिटी: १०० मिली पाणी, मिथाइल ऑरेंजचे दोन थेंब, ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत लागलेले मिली गुणिले १०. बाटली भरल्यापासून २४ तासांत करायची.

आकडे (ईसी म्हणजे विद्युतवाहकता, क्षार जितके जास्त तितकी जास्त, मिलिसीमेन्स/सेंमीमध्ये; बाकी मिग्रॅ/लि.):

आगरातली विहीर: ईसी ०.५३, पीएच ७.१, क्लोराइड ९५, आल्कलिनिटी ११०.
सड्याखालची विहीर: ईसी ०.०९, पीएच ५.९, क्लोराइड १४, आल्कलिनिटी २४.
नळ: ईसी ०.१८, पीएच ७.३, क्लोराइड २२, आल्कलिनिटी ६०.
बोअर: ईसी ०.३४, पीएच ६.६, क्लोराइड २८, आल्कलिनिटी १३०, लोह २.८.

आगरातल्या विहिरीत टीडीएसचं पेन बुडवलं तर २६५ दाखवतं आणि बघणारा म्हणतो, पाणी झकास आहे. पिण्यासाठी झकासच आहे. आयएस १०५००:२०१२ प्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत आणि क्लोराइड २५० पर्यंत चालतं, आणि सोडियमला त्या मानकात मर्यादाच नाही. पिण्याच्या पाण्याचा अहवाल घेऊन हायड्रोपोनिक्सला बसलं की इथेच फसायला होतं. पेन सगळ्या क्षारांची बेरीज सांगतं. २६५ मध्ये कॅल्शियम किती, जे रोपाला हवंच आहे, आणि मीठ किती, ते त्याला कळत नाही.

बोअर आजच बाद. बादलीत काढलं तेव्हा नितळ होतं, तासाभरात चहासारखं झालं. लोह जमिनीखाली विरघळलेलं असतं, हवा लागली की गंज होऊन बसतं. हवा मारून, वाळूतून गाळून काढता येतं, पण पीएच ७ च्या खाली ही क्रिया फार रेंगाळते आणि उरलेला गाळ एनएफटीच्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसतो. दुसरे पर्याय असताना हे लचांड नको.

२ मार्च

सोडियमचा हिशेब. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडच्या वजनाच्या ०.५५६ पट सोडियम असतं. खाडीकाठच्या विहिरीतलं मीठ समुद्राकडूनच आलेलं, त्यामुळे अंदाजाला हा गुणक पुरतो. आगरातल्या विहिरीचं सोडियम ९५ × ०.५५६ = सुमारे ५३.

फिरत्या पाण्याच्या पद्धतीत रोप पाणी ओढतं, नायट्रेट आणि पोटॅशियम ओढतं, सोडियम बहुतेक मागे ठेवतं. टाकीत रोज ३० लिटर भर घातली तर ३० × ५३ = १५९० मिग्रॅ सोडियम वाढतं. २०० लिटरला भागलं की रोज ८ मिग्रॅ/लि. लेट्यूससाठी १५० वर थांबायचं असं ठरवलंय. तर टाकी किती दिवसांनी ओतावी लागेल?

आगरातली विहीर: ५३ पासून सुरुवात, १२ दिवस.
नळ: सोडियम साधारण १२, रोजची वाढ १.८, म्हणजे ७५ दिवस.
सड्याची विहीर: सोडियम ८, रोजची वाढ १.२, म्हणजे जवळजवळ चार महिने.

दर १२ दिवसांनी २०० लिटर खतासकट ओतायचं म्हणजे पाण्याहून खतच महाग पडतं. शिवाय सोडियम ईसीमध्ये मोजलं जातं. मीटर १.७ दाखवतो, आपण समाधानी. प्रत्यक्षात त्यातला चांगला हिस्सा मिठाचा असतो आणि रोप उपाशी. पानांच्या कडा करपायला लागतात तेव्हा बऱ्याच जणांचा हात कॅल्शियमच्या डब्याकडे जातो.

आगरातल्या पाण्याची आल्कलिनिटीही नोंदवून ठेवतो. ११० म्हणजे लिटरला २.२ मिलिइक्विव्हॅलंट (आम्ल किती लागेल ते काढायचं एकक). पीएच ५.८ वर आणायला त्यातला सुमारे ७८ टक्के भाग आम्लाने संपवावा लागतो, म्हणजे लिटरला १.७. २०० लिटरला ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल २३ मिली. पण त्यातूनच ५३ पीपीएम (म्हणजे मिग्रॅ/लि.) फॉस्फरस येतो. मग शून्य-बावन-चौतीस (फॉस्फरस आणि पोटॅशचं खत) जवळजवळ बंदच करावं लागेल. ६० टक्के नायट्रिक वापरलं तर २६ मिली आणि नायट्रोजन २४ पीपीएम, तो कॅल्शियम नायट्रेटमधून वजा करणं सोपं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

८ मार्च

सड्याच्या पाण्याबद्दल एकच शंका होती. विहिरीच्या वरच्या अंगाला कलमांच्या बागा आहेत, आणि बागांतून पावसाळ्यात आळ्यात कल्टार घालतात. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल झाडाची वाढ आखडवायलाच असतं आणि मातीत बराच काळ टिकतं. पाण्यात अगदी सूक्ष्म आलं तरी कोवळ्या भाजीवर दिसू शकतं. त्याची प्रयोगशाळेतली चाचणी महाग, म्हणून रोपांनाच विचारलं: काकडीच्या २० बिया सड्याच्या पाण्यात, २० डिस्टिल्डमध्ये, दोन्हीत तेच खत, १४ दिवस. मूळ आणि बीजपत्रं यांच्यामधला दांडा मोजायचा. एकीकडचा आखूड आणि पानं काळपट हिरवी आली तर पाणी सोडून द्यायचं. १९ फेब्रुवारीला पेरलेल्या दोन्ही ट्रेंमध्ये फरक सापडला नाही. पाइप टाकला.

१५ मार्च

सड्याच्या विहिरीचं पाणी एप्रिलच्या मध्यावर तळ गाठतं, त्या वाडीला प्यायलाही तेच लागतं. तिथून पुढचे दोन महिने आगरातलंच पाणी आरओ करून वापरायचं.

जोडणी: १० इंची हाउसिंगमध्ये ५ मायक्रॉन स्पन फिल्टर, मग कार्बन, २४ व्होल्टचा बूस्टर पंप, सोलेनॉइड, ८० जीपीडीची मेम्ब्रेन, ४५० मिली/मिनिटचा फ्लो रिस्ट्रिक्टर (फेकलं जाणारं पाणी किती सुटेल ते ठरवणारा). घरगुती कॅबिनेटमधलंच सामान, सुटं घेऊन प्लायवर ठोकलं. ८० जीपीडी म्हणजे कागदावर दिवसाला ३०० लिटर. हातात तासाला १२ लिटर येतात, साडेतीन तासांत दिवसाचं काम होतं.

फेकलं जाणारं पाणी तासाला २७ लिटर. ४० लिटर शुद्ध पाण्यामागे ९० लिटर बाहेर, आणि ते मूळ पाण्याच्या १.४ पट खारट. माडांना सोडलं, माड मीठ सोसतो. पोफळी, पानवेल आणि कलमांच्या आळ्यात मात्र नाही.

फेकलेलं पाणी वाया जातंय म्हणून रिस्ट्रिक्टर आवळायचा मोह होतो. आवळला की मेम्ब्रेनवर कॅल्शियम बसतं आणि सहा महिन्यांत नवी घ्यावी लागते.

२३ मार्च

आरओचं पाणी ईसी ०.१६ आणि पीएच ८.७. येणारं ०.५८ होतं, म्हणजे मेम्ब्रेनने जेमतेम पाऊण भाग अडवला. नवी मेम्ब्रेन ९० टक्क्यांच्या वर अडवते.

शोध घेतला. मेम्ब्रेनच्या तोंडाशीच वेगळा नमुना काढला: ०.०३. म्हणजे मेम्ब्रेन बरी आहे, बिघाड पुढे आहे. पुढे दोन गोष्टी निघाल्या. टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू अर्धा उघडा होता. तो चवीसाठी कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. आणि शेवटी मिनरल कार्ट्रिज होतं, ज्यातले खडे पीएच वर ढकलतात. स्क्रू पूर्ण बंद, कार्ट्रिज काढून सरळ नळी जोडली. आता ०.०३५.

पिण्याच्या आरओचं पाणी हायड्रोपोनिक्सला वापरणाऱ्याने या दोन गोष्टी पहिल्या दिवशीच बघाव्यात. यूव्ही दिवा असला तरी काही बिघडत नाही.

१३ एप्रिल

सड्याची विहीर: बादली दगडाला लागते. तिथला पाइप बंद केला.

आगरातली विहीर: ईसी ०.८६, क्लोराइड १८५.

२७ एप्रिल, अमावास्या

उधाणाला विहीर मोजायची होती. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, तिथीला पाऊणने गुणायचं: अमावास्या १५ धरून सव्वाअकरा. खाडीत साधारण तेव्हाच पाणी टेकलं. विहिरीची पातळी त्यानंतर दोन तासांनी पाच सेंटिमीटर चढली, आणि ईसी? १.०४ ची १.०६. उधाणाचा एवढाच परिणाम.

खरा फरक खोलीत होता. बाटलीला दगड बांधून, बूच दोरीने ओढून वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी काढलं. पृष्ठभागाखाली अर्धा मीटर: ०.६६. दीड मीटर: ०.९१. तीन मीटरवर, जिथे फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपचं पाणी ओढणारं टोक) लोंबकळतोय तिथे: १.४८. गोडं पाणी हलकं, मचूळ पाण्यावर तरंगतं. भूजलात हा समतोल असा असतो की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी तोललेलं असतं. वरून एक हात उपसा केला की खालचं मीठ चाळीस हात वर यायला बघतं. खाडीकाठी बोअर मारून खोल जाणं म्हणजे त्या मिठालाच आमंत्रण. उथळ विहीर, थोडा उपसा, हेच बरं.

केलं ते एवढंच. फुटव्हॉल्व्ह प्लास्टिकच्या कॅनला बांधून तरंगता केला, पृष्ठभागाखाली ६० सेंमीवर राहील असा. वर लवचिक पाइप. आणि दीड एचपीचा पंप सलग अर्धा तास चालवण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ सहा-सहा मिनिटं. फुटव्हॉल्व्ह फार वर आला तर पंप हवा ओढतो, म्हणून ५० सेंमीच्या वर आणू नये.

२ मे

तरंगत्या फुटव्हॉल्व्हमधून ईसी ०.७१, क्लोराइड १४०. पंधरवड्यापूर्वीपेक्षा कमी, ऐन उन्हाळ्यात. आरओनंतर ०.०४, क्लोराइड ८.

कार्बन तीन महिन्यांनी बदलायचं ठरलं होतं. या विहिरीत क्लोरीन नाही, त्यामुळे ते लांबवता येईल. नळाचं पाणी लावलं तर मात्र नाही, कारण क्लोरीन मेम्ब्रेन खातं.

८ मे

पावसाच्या पाण्याची तयारी. पश्चिमेकडचं छप्पर सपाटीने मोजलं तर ६० चौ. मीटर. एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. मोसमात ३००० मिमी धरला, कौलांवरचं सांडणं-शोषणं २० टक्के वजा, तरी १,४४,००० लिटर. आपली वर्षाची गरज १५,००० च्याही आत. पाऊस दहापट आहे. ठेवायला जागा मात्र हवी.

पाऊस उघडल्यापासून मृगापर्यंत २४० दिवस × ४० = ९,६०० लिटर. दोन पाच हजारी टाक्या आणि त्यांचा ओटा? नको. ऑक्टोबर ते मार्च सड्याची विहीर आहेच. साठवण फक्त एप्रिल-मेसाठी, ७० दिवस × ४० = २,८०० लिटर. पाच हजारांची एकच काळी टाकी, उत्तरेच्या भिंतीला, जमिनीवर. गच्चीवर ठेवली तर एप्रिलमध्ये पाणी ४० अंशांना जाईल. उजेड आत जाता कामा नये. पांढऱ्या टाकीत महिन्याभरात शेवाळ धरतं.

पन्हळ पीव्हीसीची, कारण जुनी जस्ती पन्हळ खाऱ्या हवेत सडलेली आहे आणि पावसाचं आम्लयुक्त पाणी जस्त सोडवतं. मातीविना शेतीत जस्त ०.०५ ते ०.३ पीपीएमच हवं असतं. कौलं असल्याने हा त्रास फक्त पन्हळीपुरता. पत्र्याच्या छपराला पूर्ण विचार बदलावा लागेल. सिमेंटच्या पत्र्यावरचं पाणी उलट चुन्याने पीएच चढवून येतं.

पहिलं पाणी सोडण्याची सोय: ६० चौ. मीटरवर दीड मिमी, म्हणजे ९० लिटर वगळायचे. सगळीकडे सहा इंची उभा पाइप सुचवतात, पण त्यात मीटरला १७-१८ लिटरच मावतात, पाच मीटरचा लागेल. त्यापेक्षा १०० लिटरचा ड्रम. पन्हळीखाली टी, खालचं तोंड ड्रममध्ये, ड्रमच्या तोंडाशी प्लास्टिकचा चेंडू. ड्रम भरला की चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी टाकीकडे वळतं. ड्रमच्या तळाला ठिबकचे दोन ८ लिटरी ड्रिपर, म्हणजे रात्रीत रिकामा. ड्रिपर कौलांच्या भुग्याने तुंबतो, म्हणून आतून शेडनेटची पिशवी. टाकीच्या तोंडावर डासांची जाळी, खाली स्टीलची गाळणी.

२१ मे

कामं १ जूनपर्यंत पुरी करायची होती. पाऊस कालच आला. पन्हळ निम्मीच बसली आहे. टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवला.

मोजायला मिळालं तेवढं बरं. पागोळ्यांखाली बादल्या लावून: पहिल्या दहा मिनिटांचं पाणी ईसी ०.३१, चहाच्या रंगाचं, खाली जांभ्याची लाल धूळ आणि शेवाळाचे तुकडे. अर्ध्या तासाने ०.११. दोन तासांनी ०.०४.

पहिल्या दोन-तीन सरींना ९० लिटर वगळणं पुरणार नाही. आठ महिन्यांची धूळ, त्यात आंब्यावरच्या फवारण्यांचा अंश. पहिल्या आठवड्याचं सगळंच पाणी सोडून द्यायचं.

२७ मे

२५ तारखेला मान्सून तळकोकणात पोचल्याचं जाहीर झालं. नेहमीच्या हिशेबाने दहा-बारा दिवस आधी. पन्हळ पुरी झाली.

वाऱ्याची नोंद महत्त्वाची. समुद्रावरून जोराचा वारा असताना जमवलेलं पाणी: ईसी ०.०७, क्लोराइड १६. वारा पडल्यावर संथ लागलेल्या पावसाचं: ०.०१८, क्लोराइड ३. लाटांचे तुषार ढगाबरोबर येतात. १६ देखील चांगलंच पाणी आहे, पण उन्हाळ्यासाठी साठवायचं तर ३ वालं साठवावं. म्हणून टाकी आता वापरापुरतीच भरायची. उन्हाळ्याचा साठा हस्ताच्या पावसात, सप्टेंबरअखेर. तोवर छप्परही चार महिने धुतलेलं असेल.

४ जून

शेजारच्या पोफळीवर बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी. कोळेरोगासाठी ती पावसाच्या तोंडावर होते, यंदा उघडीप बघून आत्ता. एक टक्का बोर्डोच्या लिटरमध्ये १० ग्रॅम मोरचूद, त्यात २.५ ग्रॅम तांबं. वाऱ्याने ४०० मिली फवारा छपरावर आला तर १ ग्रॅम तांबं, आणि ते पाच हजार लिटरमध्ये उतरलं तर ०.२ पीपीएम. पोषणद्रावणाला ०.०५ पुरतं. चौपट.

बरंचसं तांबं चुन्याबरोबर न विरघळता कौलावर चिकटून राहतं, पण सौम्य आम्लयुक्त पाऊस ते हळूहळू सोडवतो. नियम लिहून व्हॉल्व्हवर टांगला: फवारणी झाली की टाकी बंद, नंतर ५० मिमी पाऊस पडेपर्यंत उघडायची नाही.

१५ जून

टाकी ३,००० लिटर. निर्जंतुकीकरण टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने. ३३ टक्के क्लोरीनच्या ताज्या पावडरीचा हिशेब: २ पीपीएमसाठी ३,००० लिटरला ६ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे १८ ग्रॅम पावडर. बादलीत कालवून, अर्धा तास निवळू देऊन वरचं नितळ पाणीच टाकीत. सोडियम हायपोक्लोराइट सोपं पडतं, पण सोडियम टाळायला एवढा खटाटोप केल्यावर तेच कशाला घालायचं?

पावडर जूनच्या हवेत पंधरा दिवसांत मेलेली असते. पिशवी उघडी राहिली तर गोळे होतात आणि क्लोरीनचा वासच येत नाही. ती टाकून द्यावी. हवाबंद बरणीत ठेवली.

वापरायच्या आदल्या दिवशी २०० लिटर वेगळ्या पिंपात काढून एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) २४ तास. मग ओटी टेस्ट (उरलेलं क्लोरीन दाखवणारी ऑर्थोटोलिडिनची चाचणी): नळीतल्या पाण्यात दोन थेंब, पिवळा आला तर अजून थांबायचं, बिनरंगी राहिलं तरच मिसळायचं. नळीतलं पाणी मोरीत, परत पिंपात नाही. क्लोरीन राहिलं तर खतातल्या अमोनियमशी जुळून क्लोरॅमीन होतं. ते हवेने निघत नाही आणि मुळांची टोकं तपकिरी करतं. नळाच्या पाण्याला पावसाळ्यात ही टेस्ट रोज करावी. ग्रामपंचायत गढूळपणा बघून टीसीएल वाढवते, ते बरोबरच आहे, पण आपल्या टाकीला सांगून वाढवत नाही.

२२ जून

पावसाच्या पाण्यावरची पहिली टाकी, २०० लिटर: कॅल्शियम नायट्रेट १६० ग्रॅम, तेरा-शून्य-पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट) ८० ग्रॅम, शून्य-बावन-चौतीस ४० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ८० ग्रॅम, १२ टक्के ईडीटीए लोह ३.३ ग्रॅम, बाकी सूक्ष्मद्रव्यं पाकिटावरच्या मात्रेने. कॅल्शियम वेगळ्या बादलीत विरघळवून शेवटी. दाट द्रावणात फॉस्फेट किंवा सल्फेटला भेटलं की दुधासारखं फुटतं आणि ते परत विरघळत नाही. ईसी १.७.

कोऱ्या पावसाच्या पाण्यात पीएच मीटर नाचतो. इतके कमी क्षार असताना इलेक्ट्रोड स्थिर होत नाही, ५.४, ६.३, परत ५.८. मीटर बिघडलेला नसतो. खत घातल्यावरच मोजावं.

२६ जून

पीएच ५.८ चा ४.९. रोपं आधी अमोनियम उचलतात, मुळं आम्ल सोडतात, आणि पावसाच्या पाण्यात ते झेलायला बायकार्बोनेट नाही. पोटॅशियम बायकार्बोनेट १० ग्रॅम, लिटरला ०.५ मिलिइक्विव्हॅलंट. दुसऱ्या दिवशी ५.७. खायचा सोडा नको, तो सोडियमचाच. पुढच्या टाकीपासून २५ टक्के नळाचं पाणी (ओटी टेस्ट करून) मिसळायचं, लिटरला १५ मिग्रॅ आल्कलिनिटी आपोआप येईल.

६ जुलै

तीन दिवस वीज येऊन-जाऊन. एनएफटीत पाण्याचा पातळ थरच असतो, पंप थांबला की मुळं तासाभरात सुकू लागतात. इन्व्हर्टरवर फक्त ४० वॉटचा पंप आणि एअरपंप ठेवला. दिवे आणि एसी नाही. टाकी २४ अंशांवरून २८.५ ला गेली. २५ अंशांना पाणी ८.३ मिग्रॅ ऑक्सिजन धरतं, ३० ला ७.५, त्यात मुळकुज लवकर बसते. गोठवलेल्या पाण्याच्या दोन बंद बाटल्या टाकीत, चार तासांनी बदलून.

वीज आल्यावर एसीच्या नळीखाली कॅन ठेवला, सहज. २४ तासांत १९ लिटर. रोपांनी पानांतून सोडलेली वाफ आणि बाहेरची दमट हवा, दोन्ही कॉइलवर पडून खाली आली. ईसी ०.०१४. नमुना तांबं आणि ॲल्युमिनियमसाठी पाठवला, कारण कॉइल त्याचीच.

१४ जुलै

एसीच्या पाण्याचा अहवाल: तांबं ०.०३, ॲल्युमिनियम नगण्य. वापरायचं. अटी: कॉइलला क्लीनर मारला तर पुढच्या दोन दिवसांचं पाणी फेकायचं, ट्रेमध्ये बुळबुळीत थर धरतो, तो दर पंधरा दिवसांनी साध्या ब्रशने, टाकीत जाण्याआधी ५ मायक्रॉन स्पन आणि एक दिवस हवा.

टाकीतल्या सोडियमचा अंदाज क्लोराइडच्या चाचणीवरून काढता येत नाही, फॉस्फेट सिल्व्हरला पकडतं आणि आकडा फुगतो. म्हणून लिटरच्या वहीवरून: २२ जूनपासून घातलेले ६१० लिटर, त्यातले १५० एसीचे, बाकी पाऊस आणि थोडा नळ. सोडियम दहाच्या आसपास. फेब्रुवारीतल्या आगरातल्या पाण्यावर एव्हाना दुसरी टाकी ओतायची वेळ जवळ आली असती. यावेळी टाकी बदलली ती मुळांचे तुकडे गाळणीत साचले म्हणून.

राहिलेली कामं: ड्रमचा चेंडू उन्हा-पावसात तडकला आहे, आतून पाणी भरून बुडतो आणि तोंड बंद होत नाही, जाड भिंतीचा आणायचा. आरओची मेम्ब्रेन काढून ओलीच, पिशवीत बंद करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, गोठणार नाही अशी. सुकली तर फेब्रुवारीत नवी घ्यावी लागेल. सड्याच्या विहिरीचा नमुना गणपतीनंतर.